आमचा फिरता गारवा

आमच्या भावोजींचं, म्हणजे ताईच्या यजमानांचं, असं मत आहे की माणूस भिंतीतल्या प्लगपासून जितका लांब जातो, तितका तो संकटाच्या जवळ जातो. हे मत त्यांनी माझ्याच घरी, माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पीत मला ऐकवलं. मी गप्प बसलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी ताडकन म्हणालो, "भावोजी, ताईचं औषध मी थंड ठेवीन. माझी जबाबदारी." मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू तपासण्यात आणि ज्याचा काटा खोटा निघेल त्याला खडसावण्यात माझी हयात गेली. अशा माणसाला स्वतः दिलेला शब्द परत घेता येत नाही, म्हणून खरं तर त्याने तो देऊच नये.

प्रकरण असं होतं. माझी ताई शाळेत भूगोल शिकवायची. आयुष्यभर तिने फळ्यावर निळ्या खडूने तळी काढली, पण प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला सगळ्यांत मोठा जलाशय म्हणजे शाळेच्या गच्चीवरची टाकी. निवृत्त झाल्यावर तिने नकाशात एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे तळं मला बघायचंय." ते तळं डोंगरापलीकडच्या उघड्या माळावर. तिथे विजेची तार नाही, खांब नाही, भाड्याने खोली देणारं कुणी नाही. आणि ताईला मधुमेह. रोज इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं आणि ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. उन्हात तापलं की निकामी, बर्फाला टेकून गोठलं तरी निकामी. इतकं नाजूक प्रकरण मी सोनारांच्या तराजूतही पाहिलेलं नाही.

"ने तिला," भावोजी कप खाली ठेवत म्हणाले. "पण मीही येणार. आणि औषध बिघडलं, तर यापुढे ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही."

"मान्य," ताई म्हणाली.

तिने ते झटकन म्हणून टाकलं. माझ्या बहिणीचं पुढचं सगळं हिंडणं-फिरणं आता एका फ्रीजवर टांगलेलं होतं आणि तो फ्रीज अजून विकत घ्यायचा होता.

गाडीची अडचण नव्हती. एका धुलाई केंद्राची चादरी वाहणारी जुनी व्हॅन आम्हाला मिळाली. आतून साबणाचा वास येत होता, तो अजूनही गेलेला नाही. मी आत दोन बाकं ठोकून घेतली, ती रात्री ओढली की पलंग होत. बायकोने खिडक्यांना पडदे शिवले. एका कोपऱ्यात शेगडी बसली. घर झालं, फक्त गारवा यायचा राहिला.

आता आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांना आम्ही 'विद्यापीठ' म्हणतो. तिथे सगळे विषय शिकवले जातात आणि आजवर पास कुणी झालेलं नाही. विद्यापीठाने व्हॅनभोवती हात मागे बांधून एक फेरी मारली आणि निकाल दिला, "नवा फ्रीज कशाला? घरातलाच उचला. इन्व्हर्टर लावा, बॅटरी लावा, झालं." मला ते पटलं, कारण ते फुकट होतं. चौघांनी मिळून आमचा घरचा फ्रीज जिन्यावरून खाली आणला. तो व्हॅनमध्ये उभा राहीना, म्हणून व्हॅनच्या शेजारी उभा केला. वायर जोडली, बटण दाबलं. इन्व्हर्टर एकदा किंचाळला आणि त्याने कायमचे डोळे मिटले.

"सुरू होताना फ्रीज पहिला घास मोठा घेतो," विद्यापीठ शांतपणे म्हणाले. "हे मी सांगणारच होतो."

फ्रीज पुन्हा वर चढवेपर्यंत घरातलं दूध नासलं. बायकोने ते दूध माझ्यासमोर आणून ठेवलं आणि मी ते बराच वेळ पाहत बसावं अशी व्यवस्था केली.

मग मी सरळ बॅटरीवरच चालणारा छोटा फ्रीज आणला. पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा. आत दोन कप्पे, एक नुसत्या गारव्याचा आणि एक बर्फाचा. बर्फाच्या कप्प्याला वीज फार लागते, म्हणून तो बंदच ठेवायचा असा हुकूम मी काढला. छपरावर ऊन खाऊन वीज करणारा सोलरचा पत्रा बसवला. फ्रीजसाठी एक वेगळी, भली दांडगी बॅटरी घेतली. आणि बॅटरीची ताकद आकड्यात दाखवणारा एक मीटर लावला. साडेबारा व्होल्टच्या वर काटा असला की बॅटरीचं पोट भरलेलं, बाराच्या खाली गेला की उपास. हा मीटर मी स्वतःच्या हाताने डोळ्यांसमोर बसवला. काटा दिसल्याशिवाय मला चैन पडत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण दुपारी विद्यापीठ पुन्हा उतरले.

"ही बॅटरी फ्रीजची आणि ती इंजिनाची? वेगवेगळ्या?"

"हो."

"का? दोघींना एकत्र जोडा. एकीला कमी पडलं तर दुसरी देईल. एकत्र कुटुंबासारखं."

वायरिंग करणाऱ्या आमच्या मिस्त्रीला मी विचारलं. हा मनुष्य कुठल्याही प्रश्नाला "होऊन जाईल" एवढंच उत्तर देतो. मध्ये बसवायची एक खटकी फ्रीजच्या खोक्यात आली होती, इंजिनाची बॅटरी वेगळी राखायला. ती त्याने हातात घेऊन विचारलं, "ही लावू?" मी म्हणालो, "कशाला? घरात वाटण्या नकोत." तो म्हणाला, "होऊन जाईल." ती खटकी अजून आमच्या स्वयंपाकघराच्या खणात आहे.

आणखी एक शहाणपण मी स्वतःच्या बुद्धीने केलं. बॅटरी फार उतरली तर फ्रीजने आपणहून बंद पडावं, अशी त्यात एक सोय होती. मी ती सगळ्यांत खालच्या पायरीवर नेऊन ठेवली. फ्रीज बंद पडूच नये यासाठी तर सगळा खटाटोप चालला होता.

गाडीत फेरबदल केले की वाहन कचेरीत नोंद करावी लागते. खिडकीतल्या कारकुनाने कागद वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गाडीत फ्रीज आहे?"

"आहे."

"काय विकता? आइस्क्रीम?"

"काही विकत नाही हो. बहिणीचं औषध ठेवायचंय."

"म्हणजे औषधं विकता. त्याला वेगळा परवाना."

मी त्याला सांगितलं की मी स्वतः सरकारी निरीक्षक आहे. हे सांगायला नको होतं. एका खात्याच्या माणसाला दुसऱ्या खात्याचा माणूस खिडकीबाहेर उभा दिसला की त्याला जे सुख होतं, ते पगारवाढीनेही होत नसावं. "मग तर तुम्हाला नियम पाठच असतील," असं म्हणून त्याने मला आणखी दोन खिडक्यांवर पाठवलं. तिन्ही खिडक्यांनी मिळून शेवटी तोडगा काढला. गाडीच्या दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत लिहायचं, 'या गाडीत काहीही विकले जात नाही.' रंगाऱ्याने ते लाल रंगात लिहिलं आणि चारही कोपऱ्यांत हौसेने फुलं काढली. परिणाम असा झाला की पुढे जिथे जिथे गाडी थांबली, तिथे तिथे लोक जवळ येऊन विचारू लागले की तुम्ही काय काय विकत नाही.

असो. आम्ही निघालो. मी चाकावर, शेजारी बायको, मागे ताई आणि फ्रीजला खेटून भावोजी. भावोजींनी घरातलं सगळं औषध बरोबर घेतलं होतं. "मागे घरी वीज गेली तर?" असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ताईचा सगळा साठा माझ्या पेटीत. शिवाय त्यांनी एक तापमापक आणला होता. औषध दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. भावोजी दर थोड्या वेळाने झाकण उघडत, तापमापक बाहेर काढत, डोळ्यांजवळ नेत, दूर नेत आणि जाहीर करत, "पाच."

"भावोजी, झाकण उघडलं की गारवा जातो."

"उघडल्याशिवाय कळणार कसं, आहे की गेला ते?"

आयुष्यभर मीही लोकांचे तराजू असेच उघडून पाहत आलो आहे.

गाडी चालू असली की इंजिन बॅटऱ्यांना वीज देतं. त्यामुळे दिवसभर काटा मजेत होता आणि मीही. औषधाचं दुकान असलेलं शेवटचं गाव मागे पडलं. मग फोनची रेघ गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही माळाच्या तोंडाशी पोचलो. तळं समोरच्या टेकाडामागे होतं, पण पुढचा रस्ता दगडाधोंड्यांचा. ताईची पाठ धरली होती. "आज इथेच थांबू, उद्या सकाळी ताज्या अंगाने बघेन," ती म्हणाली. ऊन असं होतं की गाडीच्या पत्र्याला हात लावला की मागे घ्यावा लागे. सोलरला आणखी काय हवं, म्हणून मी खूश होतो. त्या दुपारी गाडीतला प्रत्येक जण काही ना काही निमित्ताने एकदा फ्रीजपाशी जाऊन आला. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. मीही एकदा जाऊन आलो होतो.

सकाळी उजाडता उजाडता मला एका चिवचिवाटाने जाग आली. माळावर पाखरं आहेत असं वाटून बरं वाटलं. मग लक्षात आलं की पाखरू फ्रीजमध्ये आहे. मी मीटरकडे पाहिलं. काटा बाराच्या इतका खाली होता की मला आधी मीटर खोटा वाटला. इतक्यात फ्रीजने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला.

शेजारून भावोजींचा आवाज आला, "थांबला."

"काही नाही भावोजी, इंजिन लावतो. लगेच चढेल."

मी चावी फिरवली. बॉनेटखाली 'टक' असा आवाज झाला. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक'. एकत्र कुटुंबातल्या दोन्ही जावा रात्रभर एकमेकींना देत देत एकदमच रिकाम्या झाल्या होत्या. गाडी चालू होत नव्हती. फ्रीज बंद होता. फोनला रेघ नव्हती. औषधाचं दुकान गाडीनेच जवळजवळ एका दिवसाच्या अंतरावर होतं. आणि समोरून सूर्य वर येत होता.

ताई उठली. तिने झाकण उघडून स्वतःचं औषध घेतलं, टोचून घेतलं आणि झाकण नीट लावलं. "माझं सकाळचं झालं," ती म्हणाली. "आता संध्याकाळपर्यंत तुम्ही काय करायचं ते करा." मग घडीची खुर्ची घेऊन ती गाडीच्या सावलीत जाऊन बसली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"काल दिवसभर ऊन होतं," मी बायकोला म्हणालो. "दोन्ही बॅटऱ्या टम्म भरायला हव्या होत्या. छपरावर बघतो."

मी शिडी लावून वर गेलो. सोलरच्या पत्र्यावर दोन टॉवेल, चार बनियन आणि एक चादर अशी ओळीने पसरलेली होती. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते, उडून जाऊ नयेत म्हणून. इतकी व्यवस्थित मांडणी मी फार क्वचित पाहिली आहे.

"हे कुणी केलं?" मी वरूनच ओरडलो.

"मी," भावोजी म्हणाले. "कपडे वाळायला नकोत?"

"सोलरवर?"

"मग ऊन तिथेच तर होतं!"

"आणि त्यातला एक टॉवेल आपला आहे," बायको हळूच म्हणाली. "मीच दिला त्यांना वर टाकायला. मला वाटलं, तो पत्रा तापतो, लवकर वाळेल."

मी कपडे गोळा करून खाली फेकले. भावोजींनी प्रत्येक बनियन झेलून वाळलाय का ते चाचपून पाहिलं. "वाळलेत मात्र कडक," ते पुटपुटले. सगळे कडक वाळले होते. छपरावरच्या उन्हाचा एवढाच काय तो उपयोग झाला होता.

तेवढ्यात माळावर धुळीचा लोट दिसला. चाऱ्याचा ट्रक! त्याच्या बॅटरीला आमच्या बॅटरीची वायर जोडली असती तर गाडी सुरू झाली असती. मी हातात चादर घेऊन रस्त्याकडे धावत सुटलो. चादर फिरवत, ओरडत, एक चप्पल वाटेत टाकून मी ट्रकला आडवा गेलो. ड्रायव्हरने वेग कमी केला. माझ्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, मग माझ्यामागे फुलाफुलांची लाल अक्षरं मिरवणाऱ्या गाडीकडे पाहिलं.

"नको, नको!" तो हात हलवत ओरडला. "चादरी आहेत घरी!" आणि निघून गेला.

मी एका पायात चप्पल घालून परत आलो. माझ्या खात्यातल्या कुणी मला त्या अवस्थेत पाहिलं नाही, एवढंच समाधान. भावोजी झाकण उघडून बसले होते.

"आठ," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज टोचरा नव्हता, घाबरा होता. ते ऐकून मी जास्तच घाबरलो. भावोजी टोमणे मारत असतात तोवर जग जागेवर असतं.

मी डोकं चालवायला बसलो. छपरावर आता ऊन नीट पडत होतं आणि काटा मुंगीच्या पावलाने वर सरकत होता. पण पत्रा लहान. तो एक तर फ्रीजला वीज देईल, नाही तर इंजिनासाठी साठवेल. फ्रीज लावला तर आलेली वीज तो खाऊन टाकणार, गाडी सुरू होणार नाही आणि सूर्य मावळला की दोन्ही गेलं. फ्रीज बंद ठेवला तर दुपारपर्यंत इंजिनापुरती ताकद कदाचित जमेल. पण दुपारपर्यंत औषधाचं काय?

"फ्रीज बंद ठेवायचा," मी म्हणालो.

"वेड लागलंय का तुला?" भावोजी उभे राहिले. "औषध थंड ठेवीन म्हणाला होतास ना? मग लाव फ्रीज! गाडी खड्ड्यात जाऊ दे!"

"गाडी खड्ड्यात गेली तर ताईला संध्याकाळी काय टोचणार?"

"बर्फ असता तर..." बायको म्हणाली आणि एकदम थांबली.

भावोजी तापमापक पुसू लागले. मी मीटरकडे पाहू लागलो. शेवटी खुर्चीतून ताईच म्हणाली, "अरे, तो दुसरा कप्पा उघड ना. सगळे असे काय उभे राहिलात?"

मी बर्फाचा कप्पा उघडला. जो कप्पा बंद ठेवायचा असा माझा हुकूम होता, तो चालू होता. आत तीन बाटल्या होत्या. एक स्टीलची, ती बायकोची. एक वर्तमानपत्रात गुंडाळलेली, त्या गुंडाळण्यावरून ती भावोजींची हे आंधळ्यानेही ओळखलं असतं. आणि तिसरी खाली, कोपऱ्यात, सरकारी कचेरीच्या कँटीनची. ती माझी. तिन्ही पाण्याने भरलेल्या आणि जवळजवळ गोठलेल्या.

"फ्रीज बंद पडला तर असू दे, म्हणून ठेवली होती," बायको म्हणाली.

"मीही त्याचसाठी," भावोजी म्हणाले. "पण कप्पा मी चालू केला नाही. तो आधीच चालू होता."

"मी ठेवली तेव्हाही चालूच होता," बायको म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो. मीच लावला. एकाच बाटलीपुरता." म्हणजे आदल्या दुपारी आम्ही तिघांनी, एकमेकांना चोरून, फ्रीज बंद पडू नये म्हणून तीन तापलेल्या बाटल्या त्यात कोंबल्या होत्या. त्या गोठवण्यात फ्रीजने रात्रभर जीव आटवला आणि त्यानेच तो बंद पडला. तराजू खोटा ठरवायला मी लोकांच्या दुकानांत जात होतो, इथे चौघांतले तीन जण घरातच तराजूवर अंगठा ठेवून उभे होते.

पण बर्फ हातात होता. बायकोने पिशवीत जुना टॉवेल घातला, त्यावर औषधाचे खोके, वर दुसरा टॉवेल, मग बाटल्या. बर्फ औषधाला टेकता कामा नये. टेकला तर गोठेल, लांब राहिला तर तापेल. भावोजी तापमापक आत सारून बसले आणि आमची खरी परीक्षा सुरू झाली.

"चार," भावोजी म्हणाले. मग, "तीन." मग किंचाळून, "अरे, दीड! गोठतंय, गोठतंय!"

बायकोने बाटली वर उचलली. थोड्या वेळाने, "सात! तापतंय!" बायकोने बाटली खाली ठेवली. ऊन चढत होतं. भावोजींच्या कपाळावरून घाम पिशवीत पडायला लागला, तेव्हा बायकोने त्यांचं डोकं हाताने मागे ढकललं. एरवी ती त्यांच्यासमोर मोठ्याने शिंकतही नाही. मी मीटरसमोर बसून होतो. काटा बाराच्या जवळ आला की माझं काळीज वर यायचं, ढग आला की खाली जायचं. त्या माळावर आलेला प्रत्येक ढग मी व्यक्तिशः ओळखतो.

"मी काय म्हणते," ताई एकदा म्हणाली, "जरा पाणी पिऊन घ्या. मधुमेह मला आहे, चक्कर तुम्हाला यायची."

सूर्य डोक्यावर आला. काटा बाराच्या वर होता, पण फार नाही. चावी फिरवली आणि इंजिन लागलं नाही, तर साठवलेली सगळी वीज त्या एका घासात जाणार. बर्फ निम्मा वितळला होता.

"अजून थांबू का?" मी विचारलं. मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

"आठ," भावोजी म्हणाले.

मी चावी फिरवली. इंजिन घरघरलं, कण्हलं, थांबल्यासारखं झालं. बायकोने डोळे मिटले. मी चावी तशीच धरून ठेवली, सोडायची हिंमत होईना. आणि मग जुन्या चादरींच्या त्या गाडीने एक खोकला काढला आणि ती सुरू झाली. मी पेडलवर पाय दाबून धरला. मागे फ्रीजमधला दिवा लागला. भावोजींनी औषध दोन्ही हातांनी पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि पहिल्यांदाच ते पुन्हा उघडलं नाही. ते बाकावर बसले आणि हातरुमालाने तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, घाम पुसताहेत. घाम नव्हता.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "गाडी वळव. घरी चला."

त्यांचं बरोबर होतं. माझ्यात वाद घालायची ताकद नव्हती, तोंडही नव्हतं. मी गाडी मागे घ्यायला आरशात पाहिलं. ताई अजून बाहेर उभी होती, हातात घडी केलेली खुर्ची घेऊन, टेकाडाकडे बघत.

"इंजिन चालू आहे तोवर फ्रीज चालतो ना?" तिने खिडकीशी येऊन विचारलं.

"हो."

"मग ते पुढे जातानाही चालू असतं ना? की फक्त घरी जातानाच?"

भावोजी बाकावर जरा सरकले आणि त्यांनी तिच्यासाठी जागा केली. मी पहिला गिअर टाकला.

दगडाधोंड्यांतून गाडी टेकाडावर चढली आणि खाली तळं दिसलं. खडूच्या निळ्यासारखं अजिबात नव्हतं. राखाडी, चकाकणारं, पार क्षितिजापर्यंत. मी गाडी काठाशी नेली, पण बंद केली नाही आणि खालीही उतरलो नाही. पाय पेडलवर रोवून बसलो. इंजिन धडधडत होतं, डबे खडखडत होते आणि मी तळं पाहिलं ते काचेतून, मेलेल्या चिलटांच्या मधून. ताई चप्पल काढून पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभी राहिली. भावोजी तिच्यामागे कोरड्यात, लक्ष ठेवून. ती किती वेळ उभी होती ते मी पाहिलं नाही. काट्याकडेही पाहिलं नाही.

परत येऊन ती माझ्या खिडकीशी थांबली. पायांना चिखल होता.

"एक सांगू?" ती म्हणाली. "त्या कप्प्यात बाटली न ठेवलेली आपल्यात मी एकटीच."

"का गं?"

"का म्हणजे? तू म्हणाला होतास ना, औषध मी थंड ठेवीन म्हणून."

ज्या शब्दावर माझा स्वतःचा विश्वास नव्हता, त्यावर विसंबून ती इथवर आली होती. माझे डोळे भरून आले, आणि मी इंजिनाच्या धुराला शिव्या दिल्या.

ताई आत चढली, ओले पाय माझ्या टॉवेलला पुसले आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला मात्र मीही एक ठेवणार आहे."

मी आरशात भावोजींकडे पाहिलं. ते फ्रीजवर हात ठेवून, बाहेर पाण्याकडे बघत बसले होते.

"दोन ठेव," ते म्हणाले.